गवताचं अर्धं कोडं मातीखाली सुटलं

इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला पार्क ग्रास नावाचं कुरण आहे, तिथं १८५६ पासून वेगवेगळ्या पट्ट्यांना वेगवेगळी खतं घालून चारा मोजतायत आणि तो प्रयोग आजही चालू आहे. बिनखताच्या पट्ट्यात चाळीसेक जातींची गवतं-फुलं, आणि भरपूर खत मिळालेल्या पट्ट्यांत जाती घटत घटत गेल्या, जिथं माती फार आंबट झाली तिथं तर दोन-तीनच उरल्या. पण एकंदरीत खताने चारा वाढला होता, त्यामुळे जाती गेल्या तर बिघडलं कुठं, असं वाटणं साहजिकच होतं. खरं तर डार्विनने १८५९ मध्येच उलटं लिहून ठेवलेलं, की एकाच जातीचं गवत पेरण्यापेक्षा वेगवेगळ्या वंशांची गवतं मिसळून पेरली तर वाळका चारा जास्त मिळतो.

नंतर वाद गेला स्थिरतेकडे, म्हणजे दुष्काळासारख्या धक्क्यात कुठलं रान जास्त टिकतं याकडे. पर्यावरणशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन १९५८ मध्ये म्हणाला की मोजक्या जातींचं रान लवकर कोलमडतं, आणि रॉबर्ट मे याने १९७३ मध्ये गणित मांडून दाखवलं की जाती आणि त्यांच्यातले संबंध वाढले म्हणजे स्थिरता वाढतेच असं नाही. दोघांपैकी कोण बरोबर हे कागदावर ठरणारं नव्हतं, रानातच जाऊन बघावं लागणार होतं.

ते झालं अमेरिकेत, मिनेसोटातल्या सीडर क्रीकला. तिथली माती रेताड, नत्राची कायम टंचाई. पर्यावरणशास्त्रज्ञ डेव्हिड टिलमनने १९८२ पासून तिथं २०० च्या वर प्लॉटवर नत्राचे प्रयोग चालू ठेवलेले, आणि मधेच १९८७-८८ चा मोठा दुष्काळ आला. कुणी ठरवून आणला नव्हता पण परीक्षा मात्र त्यानेच घेतली: भरपूर जातींच्या प्लॉटचं उत्पादन साधारण निम्म्यावर आलं, मोजक्या जातींच्या प्लॉटचं थेट आठव्या हिश्श्यावर किंवा त्याहूनही खाली. १९९४ मध्ये हे छापून आलं आणि लगेच आक्षेपही आले, की बाबांनो त्या प्लॉटमधल्या जाती नत्र टाकल्यामुळेच कमी झालेल्या, मग दोष जाती कमी असण्याचा की खताचा? मायकेल हस्टनने १९९७ मध्ये अजून एक मुद्दा काढला: जास्त जाती पेरल्या की त्यात एखादी जोमदार जात सापडण्याची शक्यताच वाढते, मग श्रेय विविधतेला कसं द्यायचं? मला ही टीका फार मोलाची वाटते कारण त्यातूनच पुढचे प्रयोग जास्त काटेकोर झाले.

सीडर क्रीकलाच १९९४ मध्ये १६८ प्लॉटवर १, २, ४, ८ आणि १६ जाती मुद्दाम पेरल्या आणि बाकीचं तण वर्षानुवर्षं हाताने उपटत राहिले. युरोपात आठ ठिकाणी तसाच प्रयोग झाला, त्याचे निकाल १९९९ मध्ये आले, आणि जर्मनीत जेनाला २००२ पासून ६० जातींवर काम सुरू झालं. उत्पादनात मिश्रणाचं पारडं सगळीकडे जड. काही अंशी श्रेय शेंगवर्गीय झाडांचं, मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र पकडतात ते (आपल्याकडे ज्वारीत तूर घेतात तिथंही गाठींचं काम तेच). पण तेवढ्यानं भागत नव्हतं, कारण वर्षं जातील तसा मिश्रणाचा फायदा वाढतच चाललेला.

आणि इथं गोष्ट मातीत शिरते. खरं तर उशीरच झाला, कारण मातीतले बहुतेक सूक्ष्मजीव लॅबमध्ये वाढवताच येत नाहीत, डीएनए वाचायची तंत्रं आली तेव्हा कुठे नीट मोजदाद सुरू झाली. तरी मार्सेल व्हॅन डर हायडनच्या टीमने १९९८ मध्येच दाखवलं होतं की मुळांत राहणाऱ्या मायकोरायझा बुरशीच्या जाती एकेक करून वाढवल्या तर वरची झाडंही जास्त जातींची आणि जास्त जोमाची होतात, मातीतला स्फुरदही (फॉस्फरस) जास्त शोषला जातो.

मला सगळ्यात भावलेला प्रयोग मात्र २०११ चा आहे. स्टीफन श्निट्झर आणि सहकाऱ्यांनी निर्जंतुक केलेल्या मातीत गवतं वाढवली तर मिश्रणाचा फायदा जवळपास गायब! साध्या मातीत मात्र तो होताच, कारण तिथं एकट्या पेरलेल्या जातीला तिचेच रोगजंतू गाठतात आणि शेजारी वेगळी झाडं असली की त्या रोगाचा जोर ओसरतो. म्हणजे आपण इतकी वर्षं मिश्रणाची ताकद म्हणून जे मोजत होतो त्यातला मोठा हिस्सा एकट्या जातीला मातीत होणाऱ्या आजाराचा होता. त्याच वर्षी मोंटानामध्ये प्लॉटवर बुरशीनाशक मारलं तर मोजक्या जातींच्या प्लॉटचंच उत्पादन वाढलं. जेनात तर झाडांच्या विविधतेचा परिणाम मातीतल्या सूक्ष्मजीवांवर दिसायलाच सुमारे चार वर्षं लागली, एक-दोन हंगामांच्या प्रयोगात तो कसा सापडणार?

पुढे २०१६ मध्ये नेदरलँड्समधून बातमी आली: पडीक शेताचा वरचा थर काढून एका भागावर जुन्या कुरणातली थोडी माती पसरली, दुसऱ्या भागावर झुडपी माळाची, आणि सहा वर्षांनी एकाच शेतात एकीकडे कुरणाकडे झुकलेलं रान उभं होतं, दुसरीकडे माळाकडे.