आरोपी मित्र, सरकारी वकीलही मित्र: या कथानकामागचा इतिहास

एकाच वस्तीत वाढलेले दोन मित्र. पुढे एक कायद्याच्या बाजूला, दुसरा त्याच्या विरोधात. कोर्टातल्या थरारकथांचं हे आवडतं कथानक असलं, तरी त्यातला पेच फार जुना आहे. इ.स.पूर्व ४४ मध्ये रोमन वक्ता आणि विचारवंत सिसेरोने लिहून ठेवलं, की न्यायाधीश झालेल्याने मित्राची भूमिका बाजूला ठेवावी. मित्राची बाजू खरी निघावी असं त्याला मनातून वाटलं तर हरकत नाही, आणि कायद्यात बसेल इतपत सोयीची वेळ त्याने मित्राला बाजू मांडायला द्यावी. सवलत एवढीच.

माझ्या मते खरी मेख गुपितात आहे. अशिलाने सांगितलेलं वकिलाला कोर्टात उघड करायला लावू नये, हे तत्त्व इंग्लंडमध्ये १५७७ च्या एका खटल्यापासून दिसतं. मैत्रीला तसं कवच मिळालं नाही. मित्रापाशी मन मोकळं केलं, तर उद्या त्यालाच साक्षीला बोलावता येतं. वकिलाचं कवचही पुरतं नाही: गुन्हा करण्यासाठी घेतलेला सल्ला त्यात बसत नाही, असं इंग्लिश न्यायालयाने १८८४ मध्ये ठरवलं. गुपिताचा हा पेच धारदार व्हावा म्हणूनच लेखक मित्राला वकील करतात. प्रत्यक्षात जुना मित्र आरोपी असेल, तर सरकारी वकिलाने खटल्यातून बाजूला होणं अपेक्षित असतं. म्हणून कथेत मैत्री लपवावी लागते.

अमेरिकी कथाकार ओ. हेन्रीच्या १९०६ च्या संग्रहातल्या एका कथेत पोलीस मित्राला ओळखतो, पण स्वतः त्याला पकडू शकत नाही. साध्या वेशातला दुसरा माणूस पाठवतो. १९३४ च्या 'मॅनहॅटन मेलोड्रामा'त सरकारी वकील बालमित्राविरुद्ध खटला चालवून त्याला मृत्युदंडाची शिक्षा मिळवून देतो. तोच चित्रपट पाहून बाहेर पडलेला दरोडेखोर जॉन डिलिंजर २२ जुलै १९३४ ला शिकागोत केंद्रीय तपास अधिकाऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडला. असा योगायोग कथेत घातला असता तर कुणी मानला नसता.

बॉस्टनचं प्रकरण तर कथेच्याही पुढचं. एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेचा अधिकारी जॉन कॉनली आणि टोळीप्रमुख व्हाइटी बल्जर एकाच वस्तीतले. वयात अंतर, पण ओळख लहानपणापासूनची. कॉनलीने बल्जरला खबऱ्या केलं, आणि कालांतराने कॉनलीच बल्जरला आतली माहिती पुरवू लागला. अटक जवळ आल्याचा इशारा मिळाल्यावर बल्जर १९९४ च्या अखेरीस पसार झाला. २००२ मध्ये कॉनली दोषी ठरला. बल्जर मात्र २०११ पर्यंत हाती लागला नाही.