मोबाईलचा मोडेम करून हँडहेल्डला नेट देणे

हातात मावणारं पण स्वतःचं सिम नसलेलं यंत्र, मग ते जुनं पामटॉप असो, पॉकेट पीसी असो नाहीतर आजचा फक्त वायफायवाला टॅब, त्याला शेजारच्या मोबाईलमधून इंटरनेट पुरवायचं, याला टेदरिंग म्हणतात. पुण्यात हल्ली "हॉटस्पॉट लाव रे जरा" म्हटलं की काम भागतं. वीसेक वर्षांपूर्वी याच कामाला अख्खी संध्याकाळ जायची, कारण तेव्हा फोन मोडेम (टेलिफोन लाईनवरून कॉम्प्युटरला नेट आणणारं यंत्र) असल्याचं सोंग घ्यायचा आणि ते सोंग नीट वठवायची जबाबदारी वापरणाऱ्याची असायची.

त्या पिढीच्या हँडहेल्डला नेटवर जायचा एकच रस्ता माहीत होता, डायल-अप. समोर मोडेम आहे, त्याला 'एटी'ने सुरू होणाऱ्या कमांड द्यायच्या (या हेज कंपनीच्या 1981 च्या स्मार्टमोडेमपासून चालत आल्यात), नंबर लावायचा, पलीकडून उचललं की पीपीपी या प्रोटोकॉलने बोलणी सुरू. मग फोन कंपन्यांनी फोनलाच एटी कमांड शिकवल्या. सुरुवातीच्या जीएसएम (सिमवाल्या मोबाईलचं तंत्र) डेटामध्ये हे डायलिंग खरंखुरं होतं, फोन आयएसपीचा, म्हणजे नेट पुरवणाऱ्या कंपनीचा, नंबर लावायचा, स्पीड 9.6 केबीपीएस आणि बिल साध्या कॉलसारखं मिनिटावर. नंतर जीपीआरएस, म्हणजे कॉल न लावता मोबाईलवर डेटा देणारं तंत्र, आलं आणि नंबर लावायचं कारणच उरलं नाही, पण हँडहेल्डचं सॉफ्टवेअर नंबर मागितल्याशिवाय पुढे सरकत नव्हतं, म्हणून त्याच्या समाधानासाठी *99# हा नंबर ठरला. तो कुठेही वाजत नाही. फोन तो बघतो, डेटा सेशन चालू करतो आणि हँडहेल्डला 'कनेक्ट' असं उत्तर देऊन मोकळा होतो.

यातली गंमत अशी की पीपीपीची बोलणीही बहुतेक वेळा फोनपर्यंतच व्हायची, पुढचं सगळं फोन आणि नेटवर्क आपसात बघायचे. त्यामुळे डेक्कन क्वीन बोरघाटातल्या बोगद्यात शिरली की फोनची रेंज जायची, पण फोन आणि हँडहेल्डमधलं कनेक्शन शाबूत, म्हणून पाम कंपनीच्या हँडहेल्डच्या स्क्रीनवर 'कनेक्टेड' तसंच, मेल मात्र एक इंच हलत नाही. नवा माणूस वाट बघत बसायचा. मुरलेला पासवाला कर्जतलाच सगळं डाऊनलोड करून घ्यायचा आणि लोणावळा येईपर्यंत वाचत बसायचा.

एपीएन हे दुसरं दुखणं. हे कंपनीच्या नेटवर्कमधल्या दरवाजाचं नाव, आणि प्रत्येकाचं वेगळं. बीएसएनएलचं 'बीएसएनएलनेट', आयडियाचं नुसतं 'इंटरनेट', एअरटेलचं 'एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम', वोडाफोनचं तर चक्क 'डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू'. काही ठिकाणी वॅपचा (फोनच्या छोट्या स्क्रीनसाठीच्या साध्या नेटचा) दरवाजा वेगळा असायचा आणि त्यातून फोनवरची साधी पानं दिसायची पण हँडहेल्डचं मेल सॉफ्टवेअर डोकं आपटून घ्यायचं, आणि कस्टमर केअरवाला मात्र "सर तुमचं जीपीआरएस ॲक्टिव्ह आहे" एवढंच सांगणार. शिवाय एपीएन फोनमध्ये भरून चालेलच असं नाही, कधीकधी हँडहेल्डमधून इनिट स्ट्रिंग म्हणून एक लांबलचक एटी कमांड पाठवावी लागायची आणि त्यात अवतरण चिन्हं चुकली की फोन 'एरर' म्हणून गप्प. सीडीएमए या जीएसएमहून वेगळ्या तंत्रावर चालणाऱ्यांचं गणित वेगळं, रिलायन्स काय आणि टाटा इंडिकॉम काय, डायल करायचं #777.

जोडणीचे रस्ते तीन, केबल, इन्फ्रारेड आणि ब्लूटूथ. केबल लॅपटॉपला ठीक, हँडहेल्डला जवळपास निरुपयोगी, कारण यूएसबीमध्ये एक बाजू होस्ट, म्हणजे जोडणी चालवणारी, लागते आणि फोन व हँडहेल्ड दोघंही कॉम्प्युटरला जोडायच्या हिशोबाने बनवलेले, होस्ट व्हायला कुणीच तयार नाही. तापकीर गल्लीत किंवा हाँगकाँग लेनमध्ये किती का केबली मिळेनात, हा प्रश्न केबलने सुटणारा नव्हता. म्हणून इन्फ्रारेड. पाम 3 मध्ये (1998) आणि नोकिया 6210 सारख्या फोनमध्ये ते काळं खिडकीवजा पोर्ट असायचं, दोन्ही टेबलावर समोरासमोर ठेवायची, अंतर फार तर एक मीटर, आणि मग हात लावायचा नाही. स्पीड 115.2 केबीपीएसपर्यंत, जो त्या वेळच्या नेटपेक्षा जास्तच होता, तेव्हा अडचण स्पीडची नव्हतीच, अडचण ही की रिक्षात किंवा पीएमटीत बसून हे जमत नाही, आणि उन्हात तर अजिबातच नाही. ब्लूटूथने ही कटकट संपवली. पामचं टंगस्टन टी 2002 चं, नोकिया 6600 हा 2003 चा, एकदा पेअर केलं की फोन खिशात आणि हँडहेल्ड हातात. यासाठी ब्लूटूथमध्ये डायल-अप नेटवर्किंग नावाचं प्रोफाईलच होतं, म्हणजे वायर गेली तरी *99# चं सोंग तसंच चालू राहिलं.

नेटचा स्पीड कागदावर आणि हातात वेगळा. चार टाइमस्लॉटच्या (रेडिओच्या वेळेचे वाटे) जीपीआरएसला वरची मर्यादा 53.6 केबीपीएस, हातात 30-40 पडले तर खूश व्हायचं. एज या जीपीआरएसच्या सुधारित रूपाने बरंच सुधारलं. बहुतेक फोन जीपीआरएस क्लास बीचे, म्हणजे कॉल चालू असताना डेटा थांबणार, आणि मोठी अटॅचमेंट शेवटाला आली की नेमका घरून "जेवायला येतोयस ना" म्हणून फोन येणार. पैशांचं बोलायचं तर प्रीपेडवर 10 केबीला 10 पैसे हा दर बराच काळ ऐकू यायचा. दिसायला किरकोळ, पण एमबीला 10 रुपयांच्या वर. म्हणून फोटो बंद करून पानं उघडायची सवय लागली आणि ती काही जणांची अजून सुटलेली नाही.

नोकियाचा 770 (2005) आणि एन800 (2007) हे इंटरनेट टॅब्लेट म्हणजे या पद्धतीचा शेवटचा बहर, दोन्हींत सिमच नव्हतं, वायफाय नसेल तिथे ब्लूटूथवाला फोन गृहीतच धरलेला. मग चित्र पालटलं. अँड्रॉइड 2.2 मध्ये (2010) हॉटस्पॉट फोनमध्येच आला, आयफोनला 2011 मध्ये आयओएस 4.3 बरोबर. इथे फोन मोडेम राहत नाही, राउटर होतो, स्वतःचं छोटं नेटवर्क काढतो आणि जोडलेल्या यंत्रांना आतले पत्ते वाटतो, बऱ्याच अँड्रॉइडवर ते 192.168.43 ने सुरू व्हायचे. हँडहेल्डला एटी, एपीएन, पीपीपी काही ठाऊक असायची गरज नाही, पासवर्ड टाकला की झालं. तोवर पामटॉपची सगळी कामं फोननेच गिळली होती ही गोष्ट वेगळी. 2016 मध्ये जिओ आल्यावर केबीचा हिशोबही संपला.

पण हँडहेल्ड संपलं नाही, फक्त खिशातून निघून कामाच्या जागी गेलं. पुणे जिल्ह्यात जमीन मोजणीला हल्ली रोव्हर घेऊन येतात, उंच काठीवर उपग्रहांवरून जागा ठरवणारा जीएनएसएस रिसीव्हर आणि काठीलाच अडकवलेला कंट्रोलर, म्हणजे हँडहेल्डच. नुसत्या उपग्रहांवर जागा काही मीटरने चुकते, आणि बांधावरून भांडणारे दोन भाऊ समोर उभे असताना ते परवडत नाही. म्हणून सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स केंद्रांकडून (एका जागी कायम बसवलेले रिसीव्हर) नेटवर दुरुस्त्या घ्यायच्या, की अचूकता सेंटिमीटरवर येते. कंट्रोलरमधल्या सिमला मुळशी-वेल्ह्याच्या डोंगराआड रेंज नसली तर ज्याच्या फोनला आहे त्याचा हॉटस्पॉट लावतात. तो मध्येच तुटला तर स्क्रीनवरचं 'फिक्स' (अचूक जागा) थोड्या वेळाने 'फ्लोट' (कमी अचूक) होतं आणि मोजणी थांबते. यात डेटा अगदी थोडा जातो, कारण दुरुस्त्या पोचवणारं एनट्रिप हे तंत्र 2004 चं, जीपीआरएसच्या जमान्यातलं, आणि तेव्हाही ते हँडहेल्ड आणि मोबाईलच्या जोडीवर चालायचं.

आज अडचण आलीच तर बहुतेक वेळा एकच असते, फोनचा हॉटस्पॉट 5 गिगाहर्ट्झवर आणि जुनं हँडहेल्ड किंवा बारकोड स्कॅनर फक्त 2.4 ओळखणारं, त्यामुळे यादीत नावच दिसत नाही. सेटिंगमध्ये बँड 2.4 करायचा, नव्या आयफोनवर 'मॅक्झिमाइझ कम्पॅटिबिलिटी' चालू करायचं. तरीही दिसलं नाही तर सिक्युरिटी, म्हणजे वायफायच्या पासवर्डची पद्धत, डब्ल्यूपीए 3 वरून 2 वर आणून बघायची.