कर्लीच्या काठाने गरवताना: कयाक घेणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

कयाक पाण्यात ढकलण्याआधी हे पत्रक एकदा पूर्ण वाचावं, अशी विनंती आहे. दहा मिनिटं लागतील. वल्हं कसं धरायचं, लाइफ जॅकेटचे पट्टे कसे ओढायचे, हे आमची मुलं तुम्हाला काठावर शिकवतीलच. इथे लिहिलंय ते त्या घरांविषयी, ज्यांच्या समोरून तुम्ही आज गरी टाकत, म्हणजे गळाने मासे पकडत जाणार आहात.

देवबाग म्हणजे जमिनीची एक चिंचोळी पट्टी. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्ली नदी, दक्षिणेच्या टोकाला दोघांचा संगम, पलीकडच्या तीरावर कोरजाई आणि भोगवे. मधल्या पट्टीत माडांखाली घरं. रस्त्याने येणाऱ्या पाहुण्याला घराचं पुढचं दार दिसतं, तुम्हाला दिसणार आहे ते मागचं. आणि इथल्या घरातली निम्मी कामं मागच्या दारीच चालतात. पायऱ्यांवर भांडी घासली जातात, मासे साफ होतात, पोरं पोहायला शिकतात, म्हातारी माणसं संध्याकाळी पाय पाण्यात सोडून बसतात. रस्त्यावरून कुणी अनोळखी माणूस थेट खळ्यात, म्हणजे अंगणात येऊन, एक शब्द न बोलता, तासभर उभा राहिला तर घरच्यांना कसं वाटेल? पायऱ्यांपासून दहा हातांवर कयाक थांबवून तासभर गरवत बसणारा माणूस त्यांना तसाच वाटतो. आमचं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती आहे.

मासा घरांजवळ का असतो

गरवणाऱ्याला घरांकडे ओढ का वाटते, हे आम्हाला चांगलं ठाऊक आहे, कारण लहानपणापासून आम्हीही तिथेच गरवलं. दगडी बांधाच्या फटींत, धक्क्याच्या खांबांवर कालवं आणि शेवाळ धरतं. त्यावर बारीक मासळी येते, सुंगटं (कोळंबी) येतात. खांबाची सावली आणि फटीतला आडोसा तांबोशीला, गोबऱ्याला दबा धरायला हवाच असतो. त्यात मासे धुतलेलं पाणी, उरलेला भात पायऱ्यांवरून पाण्यात जातो. काळुंदर आणि शेवटे तिथून हलत नाहीत.

पण मासा फक्त तिथेच असतो, हा समज चुकीचा. भरती उतरू लागली की काठालगतची बारीक मासळी पाण्याबरोबर खोल धारेकडे ओढली जाते, आणि मोठा मासा धारेच्या कडेला तिची वाट बघत थांबतो. ही कडा डोळ्यांना दिसते: एका बाजूला पाणी धावतं, दुसऱ्या बाजूला संथ असतं, मधल्या रेषेवर फेस आणि पालापाचोळा जमतो. त्या रेषेवर गरी सोडा. बांधाला चिकटून बसणाऱ्यापेक्षा जास्त मासा मिळतो, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

भरतीच्या वेळेसाठी किनाऱ्यावरचा जुना हिशेब अजून उपयोगी आहे. तिथीची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. हा अंदाज आहे. जागेप्रमाणे वेळ थोडी हलते आणि नदीत आत पाणी चढायला आणखी वेगळा वेळ लागतो, म्हणून त्या दिवसाची नेमकी वेळ आमच्या फळ्यावर लिहिलेली असते ती पाहा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात ओढ जोरात असते, तेव्हा नवख्या माणसाला आम्ही संगमाकडे सोडत नाही. यावर कृपया आग्रह करू नका.

किती अंतरावर

आमच्या कयाक बारा फुटी आहेत. पायऱ्या, धक्का, बांधलेली होडी, यांपासून किमान आठ कयाक इतकं अंतर ठेवा, म्हणजे साधारण ३० मीटर. गरी काठाकडे न फेकता काठाला समांतर फेका. घरांसमोरून पुढे जायचं असेल तर रीळ गुंडाळून, वल्हं मारत सरळ जा. थांबायचं ते माडांच्या मोकळ्या बागेसमोर, घरासमोर नाही. पायऱ्यांवर बाई असेल, मूल पाण्यात असेल, तर अंतर आणखी वाढवा.

होड्यांच्या बाबतीत आम्ही इतके कडक का, ते सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी आमच्याच एका गिऱ्हाइकाचा नकली मासा एका होडीच्या दोरात अडकला. ओढून निघेना, म्हणून त्याने तंगूस (गरीचा नायलॉनचा दोर) कापली आणि तो निघून आला. आम्हाला सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारात होडीवाल्याने सवयीप्रमाणे दोर ओढला आणि तीन टोकांच्या गळातलं एक टोक त्याच्या तळहातात काट्यासकट शिरलं. डॉक्टरांकडे आम्हीच घेऊन गेलो. पुढचे कितीतरी दिवस त्याला जाळं ओढता आलं नाही. हात बरा झाला, पण त्याच्या घरच्यांशी आमचं पूर्वीसारखं बोलणं व्हायला फार काळ गेला, आणि चूक संपूर्ण आमची होती.

तेव्हापासून तीन टोकांचे गळ आम्ही नेऊ देत नाही. एकच टोक असलेली गरी लावा आणि तिचा उलटा काटा पक्कडीने चिमटून सपाट करा. पक्कड आमच्याकडे आहे. दोर ताठ ठेवलात तर अशा गरीवरून मासा सहसा सुटत नाही, आणि सोडायचा मासा जखम न होता सुटतो.

जाळी, कालवं, कुर्ल्या

पाण्यावर ओळीने तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे दिसले की खाली जाळं आहे किंवा कुर्ल्यांचा (खेकड्यांचा) पिंजरा आहे. तो कचरा समजू नका. त्यावरून जाऊ नका, वळसा घाला, आणि कितीही उत्सुकता वाटली तरी पिंजरा उचलून पाहू नका. संगमाच्या बाहेर, समुद्राच्या बाजूला रापण लागलेली असेल तर तो सगळा पट्टा त्या वेळेपुरता त्यांचा. रापणीचं जाळं अर्धवर्तुळात समुद्रात सोडून दोन्ही टोकं किनाऱ्यावरून ओढतात. मधून एक कयाक गेली तरी आत आलेला थवा उधळतो. अनेक कुटुंबांचे वाटे त्यात असतात.

ओहोटीला नदीत वाळूचे आणि चिखलाचे उंचवटे उघडे पडतात. तिथे बायका कालवं काढताना, मुळे-तिसऱ्या वेचताना दिसतील. ही त्यांची रोजची कमाई आहे. कालवांच्या खडकावरून कयाक घासत नेऊ नका. त्यांची धार पायालाही कापते आणि कयाकच्या तळालाही. आणि त्यांचे फोटो काढू नका. डोक्यावर कॅमेरा लावून येणाऱ्यांना विशेष सांगणं आहे: घरांसमोरून जाताना तो बंद ठेवा. पायऱ्यांवर कपडे धुणाऱ्या, अंघोळ करणाऱ्या माणसाला आपण कुणाच्या व्हिडिओत जातोय की काय याची धास्ती वाटावी, हे आम्हाला मुळीच चालणार नाही. ड्रोन आम्ही उडवू देत नाही.

कांदळवनात मुळांजवळ मासा असतो, पण फांदीला दोर बांधून कयाक थांबवू नका, अडकलेली गरी काढायला फांदी मोडू नका. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे. २०२० साली महाराष्ट्राने पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान दिला. ती या पाण्यात उभी आहे. तुटलेली तंगूस मात्र तिथून नक्की काढून आणा. ती वर्षानुवर्षं कुजत नाही आणि पाणकावळ्यांच्या, पाणमांजरांच्या पायांत गुंतते.

काय ठेवायचं, काय सोडायचं

माणशी दोन मासे, हा आमचा नियम. कुणी कमी म्हणेल, पण समोरच्या पायऱ्यांवर संध्याकाळी गरी घेऊन बसणारी माणसं रात्रीच्या कालवणासाठी बसलेली असतात, त्याचा विचार करून तो केला आहे. पकडलेला मासा विकायचा नाही, हॉटेलवाल्याला द्यायचाही नाही.

नदीतली छोटी तांबोशी सोडून द्या. ती वाढेपर्यंतच खाडीत राहते आणि मोठी झाली की समुद्रातल्या खडकांकडे जाते, तिथेच तिची वीण होते. रायगडात ज्याला जिताडा म्हणतात तो मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणून फार मोठा जिताडा लागला तर फोटो काढून सोडला तर आम्हाला मनापासून आनंद होईल. काळुंदर पाण्यातल्या दगडाला, खुंटाला अंडी चिकटवते आणि नर-मादी दोघंही पिलांची राखण करतात. पिलांचा घोळका आणि त्याभोवती दोन मोठे मासे दिसले तर तिथे गरी घालू नका.

शेंगटी लागली तर विशेष काळजी. तिच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा विषारी असतो. तो लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि डॉक्टरांना दाखवायचं. गरम पाणी आमच्याकडे चुलीवर असतं. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, नको असलेली शेंगटी काठावर, पायऱ्यांवर फेकून देऊ नका. मेल्यानंतरही काटा तसाच राहतो आणि तिथे पोरं अनवाणी धावतात. पक्कडीने गरी काढा आणि तिला पाण्यात सोडा.

बोलणं

नजरानजर झाली की वल्हं थांबवून हात वर करा आणि दोन शब्द बोला. वयस्कर बाईंना काकी, पुरुषांना काका म्हटलं की पुरे. "काय गावला?" असं कुणी विचारलं तर ते खरोखर उत्सुकतेने विचारलेलं असतं, उचलून दाखवा. एकदा आमच्या एका पाहुण्याला शेजारच्या काकींनी हाक मारून सांगितलं, "रे झिला, थंय गरी नको घालू, थंय पोरां पोवतत." त्याने लगेच गरी गुंडाळली, चुकलो म्हणाला आणि कोणत्या बाजूला जाऊ ते त्यांनाच विचारलं. त्यांनी बोट दाखवलं. त्या दिवसाची मोठी तांबोशी तिथेच लागली. पाण्याची जितकी माहिती त्या पायऱ्यांवर आहे तितकी आमच्याकडेही नाही.

सकाळी लवकर निघालात तर आवाज जपा. पहाटे पाण्यालगतची हवा थंड आणि स्थिर असते, वारा नसतो, त्यामुळे मधल्या धारेतलं बोलणं काठावरच्या खोलीत स्पष्ट ऐकू येतं. मोबाइलवर गाणी नकोत. घरचा कुत्रा भुंकला तर वल्हं खाली ठेवून वाहत पुढे जा. सूर्यास्तानंतर आम्ही कयाक देत नाही. रात्री धक्क्यावरच्या दिव्याखाली मासा जमतो हे खरं, पण डोक्यावरच्या टॉर्चचे झोत लोकांच्या झोपायच्या खोलीत फिरावेत हे आम्हाला पटत नाही.

आता कुणी हरकत घेतली तर. पाणी कुणाच्या मालकीचं, असा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. नदीचं पात्र आणि भरतीच्या रेषेखालची खाडी सरकारची, हे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये लिहिलेलं आहे. पायऱ्या, धक्का, बाग, विहीर ही त्या घराची, त्यांच्या परवानगीशिवाय तिथे उतरायचं नाही, दोर बांधायचा नाही. तेव्हा पाण्यावर असण्याचा तुम्हाला हक्क आहे. तरीही "इथे थांबू नका" असं कुणी म्हणालं तर वाद न घालता, "बरं काका, जातो" म्हणून निघा. तुम्ही रविवारी परत जाल. सोमवारी नारळ घ्यायला, आजारपणात गाडी मागायला आम्ही त्याच दारात जाणार आहोत, ते आमच्या दारात येणार आहेत. बोलणं जास्तच वाढलं तर आमचं नाव सांगा आणि आम्हाला फोन करा. त्यांच्याशी आम्ही बोलू.

जेवण यातल्याच एखाद्या घरी सांगितलंत तर फार चांगलं. अनेक घरांत न्याहारी-जेवणाची सोय आहे. सकाळी सांगून गेलात तर दुपारी गरम भात आणि सोलकढी तयार असते, आणि तुमचा मासाही ती माणसं आनंदाने शिजवून देतात.

या दिवशी आम्ही बंद असतो

१ जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत. ३१ जुलैपर्यंतची शासनाची पावसाळी बंदी यांत्रिक नौकांसाठी आहे, पण नदीला पूर असतो आणि माशांच्या विणीचा काळ असतो, म्हणून आम्हीही थांबतो. गणपतीत दीड, पाच, सात, अकरा दिवसांच्या विसर्जनाच्या संध्याकाळी कयाक पाण्यात नसते. घराघरातली मूर्ती त्याच पायऱ्यांवरून नदीत उतरते. इतर दिवशीही काठावर कुणाचे दिवसकार्य चालू दिसलं तर रीळ गुंडाळून, न बोलता, लांबून पुढे जा.

परत आल्यावर लाइफ जॅकेट दोरीवर वाळत घाला, पक्कड जागेवर ठेवा. आणि गरी कुठे अडकून तुटली असेल तर न संकोचता सांगा. पैसे लावत नाही, रागवत नाही. जागा नेमकी सांगितलीत की पुढच्या ओहोटीला आम्ही जाऊन ती काढून आणतो.