बेस गिटारच्या तारा 'डेड' होतात, म्हणजे नेमकं काय होतं?

बेस गिटारला नव्या तारा चढवल्या की पहिले काही दिवस प्रत्येक स्वराला धातूची खणखणीत किनार असते. रोज वाजवणाऱ्याच्या हातात ही किनार काही आठवड्यांतच जाते. तार तुटलेली नसते, सुरातही लागते, पण आवाज बसका आणि मळकट येतो. मग वाजवणारे 'स्ट्रिंग्ज डेड झाल्या' म्हणतात आणि नवा संच घेतात. चार तारांच्या बऱ्यापैकी संचाला आपल्याकडे दोन-तीन हजार रुपये सहज लागतात. कॉलेजच्या बँडमध्ये वाजवणाऱ्या मुलांना हा खर्च दर दोन-तीन महिन्यांनी परवडत नाही. यातल्या बऱ्याच तारा खरं तर फक्त मळलेल्या असतात.

हे समजण्यासाठी तारेची रचना पाहायला हवी. बेसची सगळ्यात जाड तार, म्हणजे खालचा 'ई', सेकंदाला सुमारे 41 कंपनं करते. इतका खालचा स्वर मिळवायला तार जड हवी. पण नुसतीच जाड सळई लावली तर ती ताठ होते आणि तिचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणारे वरचे स्वर, बेसूर होतात. म्हणून मध्ये बारीक पोलादी गाभा ठेवून त्यावर निकेलचा मुलामा दिलेली किंवा स्टेनलेस स्टीलची तार गुंडाळतात. वजन वाढतं, लवचिकपणा राहतो. हा लवचिकपणा बारीक गाभ्यामुळे आणि वेढे सुटे असल्यामुळे आहे, आणि मळ त्या वेढ्यांमधल्या फटींत बसतो.

तारेचा आवाज एका कंपनाचा नसतो. 41 हर्ट्झच्या मूळ स्वराबरोबर 82, 123 अशी उपस्वरांची रांग वाजते. खणखणीतपणा येतो तो हजार-दोन हजार हर्ट्झच्या पुढच्या उपस्वरांमुळे. पन्नासावा उपस्वर घ्या. नेहमीच्या बेसवर तारेची वाजती लांबी 34 इंच, म्हणजे 864 मिलिमीटर असते. पन्नासाव्या उपस्वरासाठी तारेला तेवढ्यात पन्नास भाग करून, दर 17 मिलिमीटरला दिशा बदलत वळावं लागतं. इतक्या छोट्या वळणांत शेजारचे वेढे एकमेकांपासून जरा उघडायला आणि मिटायला हवेत. फटीत चिकट मळ असेल तर ती हालचाल तिथेच जिरते. मूळ स्वरात तार इतकी हळुवार वाकते की तिला मळाचा फारसा अडथळा होत नाही. म्हणून स्वर टिकतो आणि चमक तेवढी जाते.

मळाचा दुसरा परिणाम वजनाचा. आपण जिथे जास्त वाजवतो तिथे तो जास्त साठतो, म्हणजे तारेचं वजन सगळीकडे सारखं राहत नाही आणि उपस्वर सरकतात. तबल्यावरची शाई हेच काम सुरेलपणासाठी करते. योग्य जागी वजन दिलं की उपस्वर जुळतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये दाखवलं होतं. मळ मात्र कुठलीही जागा निवडून बसत नाही.

हा मळ म्हणजे त्वचेतलं तेल, मृत पेशी आणि घामातलं मीठ. मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि पोलाद गंजायला लागतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर गेली की लोखंडाचा गंज वेगाने वाढतो. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळाभर ती त्याच्या वरच असते, म्हणून इथे तारा लवकर जातात.

तारा उकळण्याचा उपाय गिटारवाल्यांमध्ये जुना आहे. उष्णतेने तार प्रसरण पावते आणि फटी उघडतात, असं त्याचं कारण सांगितलं जातं. मला ते पटत नाही. पोलाद दर अंशाला लांबीच्या सुमारे लाखात एक भाग वाढतं. म्हणजे 70 अंश तापवूनही 864 मिलिमीटरच्या तारेत मिलिमीटरभरही वाढ होत नाही, आणि त्या प्रमाणात फट जवळजवळ उघडतच नाही. उकळण्याचा खरा उपयोग म्हणजे तेल पातळ होऊन सुटतं आणि मीठ विरघळतं. पण त्याच फटींत पाणी शिरतं, आणि ते लगेच पूर्ण वाळवलं नाही तर गंज सुरू होतो. पाण्याने मिळालेली चमक बहुधा थोडेच दिवस टिकते.

स्पिरिट बरं. आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा डिनेचर्ड स्पिरिट तेल विरघळवतं आणि मागे काही न ठेवता उडून जातं. मीठ त्यात फारसं विरघळत नाही, पण त्याला धरून ठेवणारं तेल गेलं की बरंचसं मीठ हलवताना आणि पुसताना निघतं. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत तार सैल गुंडाळून रात्रभर बुडवा, मधूनमधून बरणी हलवा, मग सुती कापडाने पुसून पूर्ण वाळवा. स्पिरिट राखाडी होताना दिसतं, तो फटींतला मळ. तेच स्पिरिट गाळून पुन्हा वापरता येतं.

इथे एक गोष्ट गांभीर्याने घ्या. या द्रवांची वाफ साधारण 12-13 अंशांनाच पेट घेण्याइतकी असते, म्हणजे आपल्या नेहमीच्या खोलीत कायम. गॅस, उदबत्ती, सिगारेट जवळ नको, खिडकी उघडी हवी आणि स्पिरिट कधीही गरम करू नये. डिनेचर्ड स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं, ते विषारी असतं. बरणीवर चिठ्ठी लावा आणि ती मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नका.

तारा एकेक करून काढा. चारही तारांचा ताण मिळून पाऊणशे किलोंच्या आसपास जातो, तो एकदम काढला की गिटारची मान (नेक) हलते. खुंटीभोवतीची वळणं सरळ करू नका. पुन्हापुन्हा वाकवलेलं पोलाद तिथेच तुटतं.

सगळ्यांनाच चमक हवी असते असं नाही. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन जाड फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या) तारा बदलतच नसत, त्यांना त्यांचा बुजलेला, गोल स्वर हवा होता. दुसऱ्या टोकाला 'द हू' या ब्रिटिश रॉक बँडचे बेसवादक जॉन एंटविसल, ज्यांच्यासाठी 1966 मध्ये रोटोसाउंड या तारा बनवणाऱ्या कंपनीने खणखणीत राउंडवाउंड (गोल तारेने गुंडाळलेल्या) तारा घडवल्या. फ्लॅटवाउंड तारेत फट जवळजवळ नसते, तिला या स्नानाचा फायदा कमीच. प्लास्टिकचा लेप दिलेल्या तारा तर स्पिरिटमध्ये बुडवूच नका.

मळ निघतो, झीज नाही. तार खालून नखाने तपासा. फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या जागी खाचा लागल्या तर धातू घासून गेला आहे. साफ केल्यावरही बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर जुळत नसतील, आणि पूर्वी जुळत असतील, तर ती तार बदलायलाच हवी.