‘सत्तावन्न एफ फोर’चं चलान कुठून आलं?

भोसरी-चाकणकडच्या मशीन शॉपमध्ये नवं ईआरपी, म्हणजे खरेदी, विक्री, साठा नि हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवायला गेलं, की पहिल्या चहाआधीच एक वाक्य हमखास ऐकू येतं: “बाकी काही असो, सत्तावन्न एफ फोरचं चलान निघालं पाहिजे.” हा ५७ एफ (४) म्हणजे केंद्रीय उत्पादन शुल्काच्या जुन्या नियमांतला एक पोटनियम. कच्च्या मालावर भरलेल्या शुल्काची वजावट देणारी मॉडव्हॅट योजना १९८६ साली आली, २००० साली तिचं सेनव्हॅट झालं आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. नियम कधीच गेला, नाव तेवढं लोकांच्या तोंडी उरलं. प्लेटिंगला किंवा हीट ट्रीटमेंटला बाहेर पाठवलेल्या मालाचं चलान, एवढाच आता त्याचा अर्थ.

गिऱ्हाईक मागतं एक आणि त्याला हवं असतं दुसरंच, हे दुखणं जुनंच आहे. पण सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, खुला झाल्यावर ते वाढलं. जर्मनीत १९७२ साली सुरू झालेल्या सॅपसारख्या बंद सॉफ्टवेअरमध्ये बदल महाग असे; बरेचदा कंपनीलाच आपली कामाची पद्धत बदलायला सांगितलं जाई. “हे होणार नाही” हे उत्तर गिऱ्हाइकाला जाचायचं खरं, पण निम्म्या अनावश्यक मागण्या त्यातच गळून पडायच्या. खुल्या सॉफ्टवेअरमध्ये तसं म्हणायची सोयच राहिली नाही. कोड समोर आहे, मग होत नाही कसं?

यॉर्ग यांके यांनी १९९९ च्या सुमारास कॉम्पिएरे हे खुलं ईआरपी सुरू केलं, तेव्हा त्यात एक हुशारी होती. कुठल्या खिडकीत कोणता रकाना दिसायचा, ही माहिती प्रोग्रॅममध्ये न कोंबता डेटाबेसमधल्या ‘अ‍ॅप्लिकेशन डिक्शनरी’त ठेवलेली. रकाना वाढवायला प्रोग्रॅमर लागू नये, असा विचार. पुढे कंपनी आणि बाहेरचे प्रोग्रॅमर यांचं फाटलं आणि सप्टेंबर २००६ मध्ये अदेम्पिएरे वेगळं झालं. बेल्जियममध्ये फॅबिएन पिंकर्स यांनी २००५ साली टायनी ईआरपी आणलं. तेच पुढे ओपनईआरपी आणि २०१४ पासून ओडू. तिथली रीत अशी की मूळ मॉड्यूलला (सॉफ्टवेअरच्या तयार भागाला) हात न लावता आपलं मॉड्यूल त्यावर चढवायचं. ही शिस्त अनुभवातून आली असणार. मूळ कोडमध्ये घुसून केलेले बदल पुढच्या अपग्रेडला वाहून जातात, आणि ते ज्याने केले तो तोवर नोकरी सोडून गेलेला असतो.

आपल्याकडचं उदाहरण ईआरपीनेक्स्टचं. मुंबईच्या ऋषभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या धंद्यातल्या अनुभवातून ते २००८ पासून उभं केलं. लिहिणाराच वापरणारा असल्यावर मधला दुभाषा लागत नाही. त्यातला ‘कस्टमाइझ फॉर्म’ तर फारच सोपा: दोन मिनिटांत नवा रकाना तयार. इथेच घोळ होतो. रकाना कशाला हवा हे विचारायला अर्धा दिवस आणि करायला दोन मिनिटं लागत असतील, तर विचारतो कोण?

आम्हीही एका कारखान्यात विचारलं नव्हतं. १८० दिवसांत माल परत आला नाही तर स्क्रीनवरची त्याची ओळ लाल झाली पाहिजे, असं तिथल्यांनी सांगितलं. आम्ही करून दिलं. १८० ही मुदत सेनव्हॅटची. जीएसटीच्या कलम १४३ मध्ये कच्च्या मालाला एक वर्ष आहे, भांडवली वस्तूंना तीन. म्हणजे लाल ओळीला कायद्याचा आधारच नव्हता. महिनाभराने कुणी ती बघतही नव्हतं. मग डिस्पॅचच्या काकांशेजारी सकाळभर बसलो. प्लेटिंगवाल्याचा टेम्पो आला, काकांनी पोतं काट्यावर ठेवलं, आकडा वहीत टिपला आणि कॅल्क्युलेटर काढला. माल जाताना नगावर जात होता, येताना किलोवर येत होता. प्लेटिंगने वजन किंचित वाढायचं, चार-दोन नग गाळात जायचे, आणि तूट कुणाच्या नावावर टाकायची याचा वाद दर शनिवारी. इतकी वर्षं तो हिशेब काकांच्या वहीतच होत होता. कुठल्याही मागणीपत्रात त्याचा उल्लेख नव्हता.

लाल ओळ काढली. चलानावर नग आणि किलो दोन्ही रकाने आले, शंभर नगांचं नमुना वजन नोंदवायची जागा आली. छापील कागदावर आता ‘जॉबवर्क (बाहेरून करून घ्यायचं काम) डिलिव्हरी चलान’ असं रीतसर येतं. स्क्रीनवरच्या बटणाचं नाव मात्र काकांच्या आग्रहाखातर ‘५७ एफ ४’च ठेवलंय.