मिश्र पोलादाचे उष्णता संस्करण

लोखंड व कार्बन यांखेरीज क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम यांसारखी मूलद्रव्ये हेतुपूर्वक मिसळलेले पोलाद ठरावीक तापमानापर्यंत तापवून ठरावीक वेगाने थंड करण्याची, व त्यायोगे त्याची अंतर्रचना आणि गुणधर्म बदलण्याची प्रक्रिया. रासायनिक घटक तेच राहूनही एकाच सळईचा एक तुकडा लेथवर सहज कापला जाईल इतका मऊ, तर दुसरा कानस लागणार नाही इतका कठीण करता येतो.

पोलाद सुमारे ८५०° से. पर्यंत तापवले की त्याचे ऑस्टेनाइटात (उच्च तापमानाला स्थिर असणाऱ्या स्फटिकरचनेत) रूपांतर होते व कार्बन त्यात विरघळतो. ते सावकाश निवले, तर कार्बन कार्बाइडाच्या (लोखंडाशी झालेल्या संयुगाच्या) रूपाने वेगळा होऊन फेराइट व पर्लाइट ही मऊ रचना तयार होते; झटकन निवले, तर कार्बनाला बाहेर पडण्यास अवधी मिळत नाही आणि तो स्फटिकजालात अडकून मार्टेन्साइट ही ताणलेली, अतिशय कठीण रचना निर्माण होते. लोहार विळ्याला ‘पाणी देतो’ तेव्हा हेच घडते.

मिश्रद्रव्यांमुळेच पोलाद कठीण होते, हा समज अपुरा आहे. मार्टेन्साइटाची कठिनता मुख्यतः कार्बनच्या प्रमाणावर ठरते. मिश्रद्रव्ये पर्लाइट तयार होण्याचा वेग कमी करतात. त्यामुळे जाड दांड्याचा हळू निवणारा गाभाही कठीण होतो, आणि पाण्याऐवजी तेल वापरता आल्याने तडे जाण्याचा व वाक येण्याचा धोका घटतो. खरा लाभ हाच आहे.

कारखान्यांत परिचित असलेल्या ईएन २४ या पोलादात सुमारे ०.४% कार्बन, १.५% निकेल, १.२% क्रोमियम व थोडे मॉलिब्डेनम असते. तेलात निवल्यावर ते कठीण, पण ठिसूळ असते. म्हणून ते पुन्हा तापवावे लागते (टेम्परिंग). २००° से. ला टेम्परिंग केल्यास रॉकवेल सी मापावर कठिनता ५० च्या वर राहते, ६००° से. ला ती ३५ च्या आसपास उतरते, परंतु गिअर व शाफ्ट यांना लागणारा चिवटपणा येतो.

मधली तापमाने मात्र जपून हाताळावी लागतात. सुमारे २५०° ते ४००° से. दरम्यान टेम्परिंग केल्यास चिवटपणा घटतो. तसेच निवताना ५७५° ते ३७५° से. हा टप्पा सावकाश ओलांडल्यास फॉस्फरस, कथिल यांसारखी अशुद्धी कणसीमांवर (धातूतील स्फटिककणांच्या कडांवर) साचून पोलाद ठिसूळ होते. इंग्लंडमधील हिंक्ली पॉइंट येथे १९६९ मध्ये क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाची टर्बाइन चकती फुटली, त्यामागे असा ठिसूळपणा हे एक कारण होते.

टंगस्टन, मॉलिब्डेनम व व्हॅनेडियम असलेल्या द्रुतगती (हायस्पीड) पोलादाचे वर्तन याहून निराळे असते. सुमारे ५५०° से. ला या धातूंची अतिसूक्ष्म कार्बाइडे तयार होऊन उतरलेली कठिनता पुन्हा वाढते. झटकन निवताना रूपांतर न होता उरलेल्या ऑस्टेनाइटाचे प्रत्येक टेम्परिंगनंतर नवे मार्टेन्साइट बनत असल्याने ड्रिल व मिलिंग कटर यांचे टेम्परिंग दोन-तीनदा करतात.