फिलाडेल्फियाची रिफायनरी आणि क्रूडची निर्यात : थोडी पार्श्वभूमी

दक्षिण फिलाडेल्फियातली शूलकिल नदीकाठची रिफायनरी २०१९ मधे बंद झाली आणि तेव्हापासून सगळीकडे हेच वाचायला मिळतं की आग लागली म्हणून बंद झाली. शेवटचा धक्का आगीनेच दिला हे खरं, पण ती खिळखिळी आधीच झाली होती. तिथे तेलाचा धंदा १८६० च्या दशकापासूनचा, त्यात फार शिरत नाही. शेवटी शेवटी रोजची क्षमता ३,३५,००० बॅरल होती, म्हणजे पूर्व किनाऱ्यावरची सगळ्यात मोठी, आणि वर्षानुवर्षं तेल यायचं ते जहाजाने, बरंचसं पश्चिम आफ्रिकेतून.

१९७३ च्या अरब तेलबंदीनंतर अमेरिकेने १९७५ मधे कायदा करून स्वतःचं क्रूड, म्हणजे कच्चं तेल, बाहेर विकणं जवळपास बंद केलं. कॅनडासारखे थोडे अपवाद होते, आणि ८० च्या दशकापासून पेट्रोल-डिझेल मात्र खुशाल निर्यात करता यायचं. बरीच वर्षं याचा कुणाला त्रास झाला नाही कारण विकायला जास्तीचं तेलच नव्हतं. मग शेल ऑइल आलं, म्हणजे खडकात अडकलेलं तेल. नॉर्थ डकोटात तेल मुबलक, पाइपलाइन अपुऱ्या, देशाबाहेर जायची वाट बंद, त्यामुळे देशातलं तेल ब्रेंटपेक्षा (जागतिक बाजारात ज्याचा भाव प्रमाण मानतात ते तेल) काही काळ बॅरलमागे २० डॉलरहून जास्त स्वस्त झालं. २०११ मधे जुन्या मालकाने सोडून द्यायला काढलेली ही रिफायनरी २०१२ मधे नव्या गुंतवणूकदारांनी घेतली आणि ती तगली ती या स्वस्त तेलावर, जे रेल्वेच्या लांबच लांब टँकर गाड्यांतून भर वस्तीतून यायचं. तसंच तेल नेणारी गाडी २०१३ मधे कॅनडात लाक-मेगांतिकला घसरून पेटली, ४७ माणसं गेली, तरी गाड्या चालूच राहिल्या.

आता डिसेंबर २०१५ चा निर्णय. निर्यातबंदी उठली, पण स्वतंत्र कायदा करून नाही, सरकारी खर्चाच्या अवाढव्य बिलात ते कलम घातलं गेलं, बदल्यात पवन आणि सौर ऊर्जेच्या करसवलती वाढवून मिळाल्या, आणि स्वतःच्या तेलविहिरी नसलेल्या रिफायनऱ्यांना वाहतूक खर्चावर थोडी करसवलत. उत्पादकांचं म्हणणं असं की बंदी म्हणजे आमच्या खिशातून रिफायनऱ्यांना सबसिडी, आणि त्यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. पण १९२० चा जहाजवाहतुकीचा कायदा तसाच ठेवला. अमेरिकेच्या दोन बंदरांमधे माल न्यायचा तर जहाज अमेरिकेतच बांधलेलं हवं, आणि ती जहाजं थोडी आणि महाग. म्हणजे टेक्सासचं तेल युरोपला पाठवणं स्वस्त, फिलाडेल्फियाला पाठवणं महाग! एक दार उघडायचं आणि दुसरं बंदच ठेवायचं, हा पूर्व किनाऱ्यावरच्या रिफायनऱ्यांवर सरळ अन्याय होता असं माझं ठाम मत आहे.

देशातल्या तेलाच्या आणि ब्रेंटच्या भावातला फरक आटला. २०१७ मधे नॉर्थ डकोटातून नवी पाइपलाइन सुरू होऊन तिथलं तेल दक्षिणेकडे गल्फ किनाऱ्याला वळलं, गाड्या कमी होत गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमधे अमेरिकन क्रूडचं जहाज आपल्या पारादीपला लागलं. जानेवारी २०१८ मधे रिफायनरीची दिवाळखोरी. कंपनीने बोट दाखवलं जैवइंधनाच्या क्रेडिटच्या खर्चाकडे (पेट्रोल-डिझेलमधे ठरलेलं जैवइंधन मिसळलं नाही तर ही क्रेडिट विकत घ्यावी लागतात), तो खर्च होताही, पण मधल्या काळात नव्या मालकांनी जवळपास ६० कोटी डॉलर काढून घेतले होते हे का विसरायचं?

२१ जून २०१९ च्या पहाटे ७० च्या दशकातला, गंजून पातळ झालेला पाइपचा एल्बो, म्हणजे वळणाचा तुकडा, फुटला आणि आग लागली. पेट्रोल बनवताना वापरलं जाणारं अत्यंत विषारी हायड्रोफ्लुओरिक ॲसिड बाहेर पडलं. कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरने बहुतेक ॲसिड वेळीच दुसऱ्या टाकीत वळवलं, म्हणून शहर वाचलं. आठवड्याच्या आत बंदची घोषणा झाली, हजारावर कामगार घरी बसले. त्या वर्षी अमेरिकेची क्रूड निर्यात रोज ३० लाख बॅरलच्या आसपास होती.

२०२० मधे जमीन विकली गेली, आता तिथे गोदामं आणि लॅब होतायत. २०१२ च्या आधी जमिनीत मुरलेल्या तेलाची सफाई मात्र अजून जुन्या मालकाच्याच गळ्यात आहे.